कुलूप उघडल्याचं गैरकृत्य

४ मार्च

माझ्यावर पोलिसात तक्रार! परवा एका आजींना दार उघडून दिलं होतं. हातात दवाखान्याची पिशवी, पायात सपाता. म्हणाल्या, "घर माझंच गं, किल्लीच लागेना." शेजारीण म्हणाली, "आलात का घरी!" — तेवढं मला पुरलं. का लागेना, हे विचारायचं सुचलंच नाही. आता त्यांचा मुलगा म्हणतो, मी परस्पर कुलूप फोडलं. फोडलं म्हणे! एक ओरखडा दाखव म्हणावं.

तक्रारीत शब्द घातलाय — गैरकृत्य.

५ मार्च

हा शब्द आजवर पेपरात वाचायचा, चहाबरोबर. मोठमोठ्या लोकांचा तो. आमच्या वाट्याला फार तर चूक यायची. यांना म्हटलं, एवढा काय फरक? हे म्हणाले, "चुकीला माफी असते. गैरकृत्याला परवाना जातो." नवरा आहे की वैरी!

पण परवाना गेला तर कुलूप-किल्ल्यांचं दुकान गेलं. वडिलांनी शिकवलेलं दुसरं काही येत नाही मला.

६ मार्च

उद्या चौकीवर बोलावलंय. जेवण गेलं नाही.

७ मार्च

सुटले! सुटले!

आजी स्वतःच येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी दवाखान्यात होते, तेव्हा यानं कुलूप बदललं. दारात उभं राहून फोन केला, तर उचलेना." मुलगा म्हणे, "तिच्याच सोयीसाठी." साहेबांनी शेजारणीला विचारलं, मग त्याच्याकडे पाहत म्हणाले, "आईला तिच्याच घराबाहेर ठेवलंत, त्याला काय म्हणायचं? तुमचा तो शब्द इथे चालेल की!" तो पुटपुटत तक्रार मागे घेऊन गेला. मला एवढंच — "पुढच्या वेळी ओळखपत्र बघत जा, बाई."

बघेन, शंभरदा बघेन! घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. त्या मुलाला यथेच्छ शिव्या घातल्या. हे हसले. सासूबाई नुसत्या ऐकत होत्या.

८ मार्च

आमच्या दाराच्या किल्ल्या दोन. एक यांच्याकडे, एक माझ्याकडे.

सकाळी मी निघताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "सवड झाली की मलाही एक करून देशील का? बाहेरून आले नि तुम्ही दोघं नसलात की मला जिन्यातच बसावं लागतं."