साबणाच्या पाण्यातलं ग्लिसरीन

बाबा, आज माझ्या नातीनं बाजारातून एक बाटली आणली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'वनस्पती तेलापासून बनवलेलं ग्लिसरीन'. ते चेहऱ्याला कसं लावायचं, केसांना किती घ्यायचं, हे ती मला समजावून सांगत होती आणि मी हसत सुटले. तिला वाटलं, आजीला कळलं नाही. मला मात्र आपल्या सावंगीच्या रस्त्यावरचं ते साबणाचं टिनाचं शेड दिसत होतं. तुमची ती मोठी लोखंडी कढई, निंबोळीच्या तेलाचा उग्र वास, आणि कढईच्या बुडाशी उरलेलं तपकिरी पाणी बादलीनं मोरीत ओतणारे तुम्ही. म्हणून लिहायला बसले.

शहात्तर सालचा हिवाळा असेल. मी वर्ध्याला कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर साबणाचं समीकरण लिहिलं. डावीकडे तेल आणि कॉस्टिक सोडा, उजवीकडे साबण, आणि साबणाच्या शेजारी ग्लिसरीन. मी वही उघडी टाकून फळ्याकडे बघतच राहिले. साबण तर मी जन्मल्यापासून बघत होते. हे दुसरं कुठं जात होतं? तास संपल्यावर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मीठ टाकून साबण वर काढला, की ते खालच्या पाण्यात उतरतं. मग मी थांबलेच नाही. पुढचा तास बुडवला, सायकल काढली आणि थेट शेडवर आले. तुमच्या हातात नेमकी तीच बादली.

"बाबा, थांबा! फेकू नका ते!"

"काऊन? काय पडलं त्याच्यात?"

"ग्लिसरीन हाय त्याच्यात!"

तुम्ही हसलात. "ग्लिसरीन दवाईच्या दुकानात राह्यते बाई, मोरीत नाई."

मी धापा टाकत तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही बादली खाली ठेवली. आधी मोरीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "म्हणजे बावीस वर्सं मी हेच फेकून राह्यलो?" एवढंच बोललात.

तुमच्या हातांबद्दल आपल्या घरात कोणी बोलायचं नाही. कॉस्टिकनं ते पार खाल्ले होते. थंडीत बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या, त्यातून रक्त यायचं. आई मेण आणि तेल कढवून लावायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉस्टिक होतंच. मी आठवीत पहिली आले तेव्हा तुम्ही कौतुकानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझे केस तुमच्या भेगांत अडकले. मी 'आई गं' म्हणाले. त्यानंतर तुम्ही कधी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाहीत. शेडमध्ये साबणाच्या वड्या कापणाऱ्या चार बायांचे हातही तसेच होते.

पहिला प्रयोग मी केला आणि मीच बिघडवला. तुम्हाला न विचारता ते पाणी आईच्या जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, ओतून चुलीवर चढवलं. पाण्यात कॉस्टिक उरलेलं. ते गंजालाच खायला लागलं! गंज काळा पडला, फसफसून उतू गेला, घरभर घाण वास. आई ओरडत बाहेर आली. तुम्ही आलात आणि मला जन्मात बोलला नव्हतात तसं बोललात. "कॉस्टिक जर्मनच्या भांड्यात टाकते का कोणी? डोळ्यात उडालं असतं तर? पुस्तक वाचलं म्हणजे अक्कल आली का तुले?" मी रडले. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच तामचिनीचं एक पातेलं घेऊन आलात, माझ्यापुढे ठेवलंत. "आता सांग, काय करायचं ते. पण घाई नाई करायची."

तो रविवार अजून माझ्या अंगात आहे, बाबा. अंगणात चूल मांडलेली. बाईंनी दिलेलं आम्ल मी थेंबाथेंबानं टाकते आहे, लिटमस कागदाचा रंग बघते आहे. तुम्ही काडी बुडवून जिभेच्या टोकाला लावता आणि म्हणता, "अजून चरचरते." मी कागद बघते, खरंच, अजून निळा! तुमची जीभ आणि माझा कागद, दोघं एकदमच म्हणाले, आता झालं. मग धोतराच्या फडक्यातून गाळलं, मंद जाळावर आटवत ठेवलं. पाणी कमी होईल तसं मीठ खाली बसायला लागलं, तुम्ही ते झाऱ्यानं काढत बसलात. ऊन उतरलं तेव्हा पातेल्यात काकवीसारखं दाट, तपकिरी काहीतरी उरलं होतं. तुम्ही बोट लावून चाखलं. "गोड हाय!" तुम्ही ओरडलात. "खारट हाय, पण गोड हाय वं!" आई पदर सावरत धावत आली, तिनंही चाखलं. तिघंही अंगणात वेड्यासारखे हसत होतो.

आणि मग तुम्ही ते तसंच्या तसं हातांना फासलंत आणि बोंब मारलीत. मीठ तर होतंच. शिवाय ग्लिसरीन भारी तहानलेलं असतं, आधी त्याला पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते कातडीतलंच पिऊन टाकतं. हे मला बाईंनी नंतर सांगितलं. कॉलेजात स्पिरिटमध्ये विरघळवून त्यातलं बरंचसं मीठ काढलं. मग एक भाग ते, तीन भाग गुलाबपाणी. आई रोज संध्याकाळी तुमच्या हातांना लावायची. पंधरा दिवसांत रक्त थांबलं. आईनं शिकेकाईनं न्हाल्यावर तांब्याभर पाण्यात चमचाभर घालून केसांवर घेतलं, केस मऊ झाले. मी आगाऊपणानं अर्धी वाटी घेतली, केस चिकट झाले आणि कापसाच्या जिनिंग मिलवरून घरी आले, तर डोक्यावर कापसाची टोपी! तुम्ही खाटेवर बसून पोट धरून हसलात.

आता शेवटचं. तुम्ही शेडमधल्या बायांना सांगून बसलात, माझी पोरगी दुकानासारखं पांढरंफेक ग्लिसरीन करून आणते. मी आठवडाभर कोळशातून गाळलं. रंग गेला नाही. सोमवारी मी तुमच्या हातात जी बाटली ठेवली ती पाण्यासारखी स्वच्छ होती. तुम्ही थेंब जिभेवर घेतला, बाटली उजेडात धरून बघितलीत. "मीठ पार गेलं की."

"हो," मी म्हणाले.

तुम्ही ती बाटली चौघींपुढे धरलीत, प्रत्येकीच्या तळहातावर स्वतः थेंब टाकलात, आणि परत येताना, बायांच्या देखत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात. एकही केस अडकला नाही.

ती बाटली मी दवाईच्या दुकानातून आणली होती, बाबा. त्यानंतर तुम्ही आठ वर्षं होतात, रोज सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुम्हाला तेवढं खूश मला पुन्हा कधी करता आलं नाही.