अमडापुरात दिसलेला खुनी

मु. अमडापूर, ता. चिखली
मार्गशीर्ष वद्य पंचमी, सोमवार

तीर्थस्वरूप नारायणराव दाजी यांचे पायी धाकटा मेहुणा भगवान याचा दंडवत पोचावा. आपला गुडघा आता कसा आहे? कौशल्याताईला सांगावं की तिनं धाडलेलं लोणचं मुरलं आणि संपलंही. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहितो; खुशाली कितपत ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. (गुडघ्याला एरंडेल लावता ना? नुसतं उशाशी ठेवून गुण येत नाही.)

दाजी, तुमचा जन्म बुलढाण्यात वकिलाच्या कागदांत गेला, तुम्हाला छापील अक्षराचं काय अप्रूप! आमच्या गावात पेपर येतो एकच, तोही माझ्या नावावर, आठवड्यातून एकदा. तो मी रहेमतुल्ला शिंप्याच्या ओट्यावर मोठ्यानं वाचतो आणि निम्मं गाव ऐकतं. मास्तर वाचतो म्हणजे बरोबरच वाचत असणार, असा गावाचा माझ्यावर भरवसा. (होता.)

महिनाभर पेपरात एकच माणूस. तापीकाठी कुठंसं एका मक्तेदाराचा खून झाला आणि ज्याच्यावर संशय तो पळाला. गुन्हा शाबीत नाही, चेहरा कुणी पाहिलेला नाही. पण पेपरवाल्यांची करामत बघा. पहिल्या पानावर संपादक बजावतात की जनतेनं धीर सोडू नये, मध्यप्रांत-वऱ्हाडचं सरकार समर्थ आहे. पान उलटलं की करंगळीएवढ्या जाड अक्षरांत, 'आज कोणाच्या दारी?' एकाच संध्याकाळी तो मलकापूरच्या स्टेशनात चहा प्यायला आणि मेहकरात पाणी मागून गेला. मध्ये पन्नास-साठ मैल! मी शाळेत काळ-काम-वेग शिकवतो, तरी हिशेब करावा असं मनातसुद्धा आलं नाही, अंगावर काटाच आला. वाचताना माझा आवाज आपोआप खाली जायचा आणि रहेमतुल्लाचं मशीन थांबायचं. गावात भर दुपारी कड्या लागू लागल्या. बाया पाण्याला जायच्या त्या वीस-वीसच्या घोळक्यानं, पुढं एक विळा, मागं एक विळा. ज्वारी राखणारे माळ्यावरून उतरले ते पुन्हा चढेनात, पाखरांची चंगळ झाली. एवढ्याशा शाईत केवढी ताकद, दाजी!

पण गावाचं खरं दुखणं निराळंच होतं. तो धाड गावात दोनदा दिसला. चिखलीत दिसला. अमडापुरात एकदाही नाही! आमचा पोलीस पाटील कडूबा मोठा मानी. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, आपल्या गावानं असं काय केलं? इकडंच काऊन येत नाही तो?" मला त्याचं तोंड पाहवेना. म्हणून (इथं तुम्ही रागवाल, रागवा) मी पेपराला पत्र धाडलं की सदर इसम परवा तिसऱ्या प्रहरी अमडापूरच्या बाजारात दिसला. खाली 'एक भयभीत ग्रामस्थ'. वर्णन पाहिजे म्हणून खिडकीबाहेर पाहिलं, तर धाडचा अत्तर-सुरमेवाला फकीर मोहम्मद चालला होता. लिहून टाकलं: उंच, डोळ्यांत सुरमा, खांद्यावर लाकडी पेटी.

छापून आलं. वाक्य माझंच, पण छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांतून निघालं आणि मलाच ओळखू येईना. वर 'विश्वसनीय गोटातून कळते' असं जोडलेलं. घरी येऊन आतून कडी लावली आणि सौ. विमलला म्हटलं, जातं दाराशी सरकव. ज्याला मीच अमडापुरात आणला, त्याला मीच भ्यालो.

पुढच्या बाजाराला फकीर मोहम्मद आला आणि पाटलानं त्याला चावडीत बसवलं. कुणी बोट लावलं नाही. पाटलीण रुक्मिणीबाई दोन्ही वेळा भाकर-पिठलं धाडते. ज्यांनी वीस वर्षं त्याचा सुरमा घातला तेच हळहळून सांगतात, फकीरभाई, तुम्ही आमचेच हो, पण आता पेपरात आलं. नऊ दिवस झाले. चिखलीचे शिपाई मेहकरकडे त्यालाच शोधत फिरतात, ते गुरुवारी येऊन त्याला बुलढाण्याच्या कोठडीत नेणार. आणि शुक्रवारी त्याच्या लेकीचा, शकीलाचा निकाह. तो मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही तं मले वीस सालापासून ओळखता. तुम्ही सांगा ना यांले." दाजी, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

गेल्या मंगळवारी सकाळी चावडीत चारचौघांसमोर मी कबूल केलं: ते पत्र माझं आणि सगळं खोटं. कुणीही विश्वास ठेवला नाही. कडूबा समजुतीनं म्हणाला, "मास्तर, छापलेलं खोटं कसं राहीन?" रहेमतुल्लानं पाठीवरून हात फिरवला आणि दोन दिवस शाळा बंद ठेवून झोप घ्या म्हणाला. तेव्हा छापलेलं पुसायला छापलेलंच पाहिजे असं ठरवून मी संपादकांना नावगावासकट खुलासा धाडला. आज डाकेनं अंक येईल आणि सगळं मिटेल. एवढंच कळवायचं होतं.

आपला आज्ञांकित,
भगवान

ता. क. अंक आला. खुलासा छापला नाही, त्याची बातमी छापली: 'खुन्याचा साथीदार अमडापुरात! खरी बातमी दडपण्याचा डाव.' खाली माझं संपूर्ण नाव, हुद्द्यासकट. ओट्यावर सवयीनं मी मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचून दाखवलं. (मधेच थांबता आलं नाही, दाजी. छापलेलं होतं.)

दुसरा ता. क. हे चावडीतून लिहितो आहे. जेवण चांगलं आहे. पत्र उद्या सकाळी बुलढाण्यास निघणाऱ्या गाडीवानाच्या हाती देतो. गुडघा कसाही असो, वकीलसाहेबांना घेऊन गुरुवारच्या आत या आणि जामीन राहा. आधी फकीर मोहम्मदला सोडवा, लेकीचं लग्न आहे. माझं मागाहून झालं तरी चालेल.

तिसरा ता. क. आत्ताच फकीर मोहम्मदनं आपली सतरंजी उचलून पलीकडच्या भिंतीला नेली. मी विचारलं, काऊन? माझ्याकडे न पाहता तो हळूच म्हणाला, "मास्तर, मले शुक्रवारी पोरीच्या निकाहाले जितं जाचं हाय."