उघड्या कार्डावरची तक्रार

५ जानेवारी २००४, मुलींचं वसतिगृह, सदाशिव पेठ
ज्योत्स्ना रेक्टरच्या ऑफिसात माझ्याकडे आली. खोली नं. ११, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, शेवटचं वर्ष. हातात लेखी तक्रार. ती कॉलेजात असताना मेट्रन सुमनताईंनी तिचं कपाट उघडून डॉक्टरांची फाइल वाचली. पाळी नीट येत नाही, त्याच्या गोळ्या. आणि जेवणाच्या हॉलमध्ये भाजी वाढता वाढता म्हणाल्या, "लग्नाआधीच कशाला लागतात गं असल्या गोळ्या?" पन्नास मुलींसमोर. लिहितानाही किळस येते.
बाईंना बोलावलं. "अहो मॅडम, मुलींवर लक्ष ठेवायलाच ठेवलंय ना मला?"

६ जाने.
संस्थेच्या कार्यवाहांना फोन. "आपल्याकडे असं होत नाही." झालंय, म्हटलं. "मग नियमाप्रमाणे करा." म्हणजे रजिस्टरात नोंद आणि मेट्रनचा खुलासा. खुलासा आला: 'कपाट आवरत होते.' कुलूप लावलेली कपाटं आवरतात आमच्या बाई. केवढी ती तत्परता!
ज्योत्स्ना म्हणाली, "घरी कळवू नका मॅडम, एवढंच. सतरा तारखेला कंपनीचा इंटरव्ह्यू आहे." नाही कळवणार, म्हटलं. अगदी छातीठोकपणे.

८ जाने.
गॅदरिंगची गडबड. पाठक कारकुनांनी सह्यांसाठी गठ्ठा आणला. उभ्या उभ्या उरकल्या.

१३ जाने.
ज्योत्स्नाच्या वडिलांचा फोन. लातूरकडे शाळामास्तर आहेत. "तुमचं कार्ड मिळालं मॅडम. पण आधी पोस्टमननं वाचलं, मग पारावर सगळ्यांनी."
कसलं कार्ड? पाठकांना विचारलं. शांतपणे म्हणाले, "प्रत्येक तक्रारीची प्रत पालकांना पोस्टकार्डानं जाते. माझ्या आधीपासूनची पद्धत आहे." तक्रार त्यांनी जशीच्या तशी उतरवली होती, त्या मोत्यासारख्या अक्षरात, गोळ्यांच्या नावासकट. आपली फाइल वाचली म्हणून मुलगी तक्रार करते आणि आम्ही ती फाइल उघड्या कार्डावर गावाला धाडतो. बाहेर गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे, पोरींच्या हातात मोबाइल, आणि आमची अक्कल अजून पंधरा पैशांच्या पोस्टकार्डाच्या काळातली.
खाली सही माझी. न वाचता केलेली. सुमनताईंची किळस करत बसले होते इतके दिवस.

१४ जाने.
ज्योत्स्नाला सांगितलं. रडली नाही, ओरडली नाही. "ठीक आहे मॅडम" म्हणाली आणि दार लावून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.
संक्रांत. सुमनताई नवी साडी नेसून तिळगूळ वाटत फिरत होत्या. माझ्या टेबलाशीही आल्या. घेतला नाही. "मॅडमना हल्ली राग फार येतो," असं पाठकांना सांगत होत्या. येतो.

१६ जाने.
वडील आले. कार्ड शर्टाच्या खिशात, घडी घालून. आवाज चढवला नाही. "पोरं विचारायलेत मॅडम, सरांच्या मुलीला काय झालंय म्हणून. तिची आई चार दिवस घराबाहेर पडली नाही. घेऊन जातो तिला."
उद्याचा इंटरव्ह्यू?
"माहीत आहे मला."
कार्यवाहांचा फोन, सुटल्यासारखा आवाज. "सोडूनच चालली आहे ना? मग तक्रार निकाली काढा." रजिस्टरात लिहिलं: तक्रार खरी. कार्ड माझ्या सहीने गेले. मेट्रनना व मला, दोघींना जाब विचारावा. वाचू देत आता सावकाश.
मग वडिलांना म्हटलं, बिबवेवाडीला माझ्या घरी राहू दे तिला, परीक्षा होईपर्यंत. एकटीच असते मी. ते म्हणाले, "तुमच्याच भरवशावर ठेवली होती मॅडम." मग म्हणाले, "तिलाच विचारतो."
एसटी साडेचारची. आता पावणेचार. दोघं बाहेर बाकावर बसलेत, मधे बॅग. वडील काहीतरी विचारताहेत, ती मान खाली घालून ऐकतेय. मी आत बसून हे लिहितेय, कारण बाहेर जाऊन तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटते.