‘भाषा निवडा’पाशी नऊ दिवस

३ एप्रिल, सकाळी ९
बायकोच्या, म्हणजे युचुनच्या भरतकामाच्या दुकानातला कॉम्प्युटर गेला. मशीन त्याच्यावरच चालतं, म्हणजे तेही बंद. १२ तारखेला देवळाचं निशाण द्यायचंय. मात्सूदेवीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असतं ते, बावीस वर्षं युचुनच करते. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या कांगबाईंना बोलावू. मदरबोर्डच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी रिपेअरवाली? अजिबात नाही. तासाभराचं काम.

३ एप्रिल, ११.३०
नवा बोर्ड बसवला. भरतकामाचं सॉफ्टवेअर जुन्याच सिस्टीमवर चालतं, म्हणून तीच टाकायला घेतली. पडद्यावर ‘भाषा निवडा’. निवडता येईना. की-बोर्ड ढिम्म. माउसही. किरकोळ.

४ एप्रिल
नवीन की-बोर्ड आणला. गंमत म्हणजे आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर व्यवस्थित चालतो, ‘भाषा निवडा’ आलं की मान टाकतो. युचुनला सांगितलं, कॉन्फ्लिक्ट आहे. तिने विचारलं, कुणाशी?

५ एप्रिल
पितरांचा दिवस. आईवडिलांची कबर झाडली. मेहुण्याने कॉम्प्युटरचं विचारलं. मी अर्धा तास व्होल्टेजवर बोललो. त्याला पटलं. युचुन गवत उपटत राहिली.

६ एप्रिल
तिसरा की-बोर्ड. याला रंगीत दिवे आहेत. दिवे लागतात.

७ एप्रिल
कॉम्प्युटरवर हिरव्या खाऊची पुडी ठेवली. आमच्याकडे सगळ्या कारखान्यांत ठेवतात, मशीन शहाण्यासारखं वागतं म्हणे. माझा विश्वास नाही. युचुनने पुडी उलटी करून बघितली, तारीख जानेवारीतच संपलेली. म्हणाली, शिळं खाऊन कोण काम करेल? पुडीचाच दोष.

८ एप्रिल, दुपारी
देवळाच्या कमिटीचे शिएसाहेब डोकावले. निशाण कुठवर आलं? युचुन म्हणाली, आमच्या ह्यांनी हातात घेतलंय, होईल. ते म्हणाले, मग काय, काळजीच मिटली! मी मान हलवली. हलवायला नको होती.

१० एप्रिल
युचुन कांगबाईंना फोन लावत होती. मी म्हटलं, फक्त उद्याचा दिवस दे. दिला.

११ एप्रिल
झालं नाही. संध्याकाळी युचुनने स्वतःच शिएसाहेबांना फोन केला. मशीन बिघडलंय म्हणाली. नवरा बिघडलाय म्हणाली नाही. निशाण समोरच्या तूबाईंकडे गेलं. त्यांच्याकडे चार मशीन आहेत, रातोरात होईल. लाज वाटतेय, दुसरा शब्द नाही.

१२ एप्रिल
कांगबाई आल्या. की-बोर्ड आणि माउसच्या वायरी निळ्या पोर्टमधून काढून काळ्या पोर्टमध्ये घातल्या. माउस लगेच हलला.

“जुन्या सिस्टीमला निळे पोर्ट कळत नाहीत, भाऊजी. मॅन्युअलच्या चौथ्या पानावर ठळक छापलंय की! कारखान्यात कुठल्या खात्यात होता तुम्ही?”

मी खोकलो. युचुन आतून म्हणाली, “इंजिनीअर होते ते. सगळं त्यांनीच जोडलंय, तुम्ही नुसत्या वायरी हलवल्यात.”

कांगबाई गेल्यावर चौथं पान काढलं. खरंच ठळक आहे.

मी पॅकिंगला होतो. बोर्डाच्या खोक्यात मॅन्युअल ठेवायचं, एवढंच काम. एकतीस वर्षं. एकही उघडलं नाही.

युचुनला हे कुणी सांगायला नको. लग्नाआधी ती माझ्याच शेजारी बसायची, मी मॅन्युअल ठेवलं की खोक्याला टेप लावायची.

जेवायला हाक मारतेय. दोनदा मारली.