मुकादमचे मागचे पाय

४ तारीख, मंगळवार

मुकादम आला. पांढरा ससा, एक कान काळा. आपल्या कामावर देखरेख केल्यासारखा बघतो, म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. ती म्हणजे वरच्या मजल्यावरची. चष्म्याच्या दुकानात आहे. डोळे तपासायचं नवं मशीन आलंय, त्याच्या ट्रेनिंगला दहा दिवस परगावी गेली. ससा कुणाकडे ठेवला? आमच्याकडे! बिल्डिंगमध्ये सोळा घरं आहेत. आई म्हणते, तिने मला विचारलं, मी हो म्हटलं, यात तुझा काय संबंध? आईला या गोष्टी आता कळायच्या नाहीत.

संकल्प: दहा दिवस राग नाही. कुणावरच. मामावरसुद्धा.

५, बुधवार

ती एक कागद लिहून आईच्या हातात देऊन गेली होती. आईने मला दिला, नीट वाच म्हणाली. समोरची बाजू अकरा वेळा वाचली. ‘एकटं वाटू देऊ नका. आवाज चढवू नका. रागावला की मागचा पाय जमिनीवर आपटतो. थोडा वेळ जाऊ द्या, आपोआप जवळ येतो.’

हे सशाबद्दल आहे की माझ्याबद्दल? आणि ‘तुम्ही’! कॉलेज सोडल्यापासून मला कुणी ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. (सोडलं म्हणजे सर म्हणाले बाहेर हो, मी झालो. अजून आत गेलेलो नाही.)

कागद मामाच्या फोटोफ्रेमच्या दुकानात नेला, मी तिथेच कामाला असतो. अक्रोडी पट्टी, आत चौफेर मोतिया पुठ्ठ्याचं माउंट. वर ‘काकू’ लिहिलं होतं, ते माउंटखाली घेतलं. निमित्त कुणाचं तरी लागतंच. खाली ‘मागे पाहा’ होतं, तेही घेतलं. मागे नुसत्या सूचना आणि नंबर, रुक्ष मजकूर. पाठीला हार्डबोर्ड, बारा खिळे, कडेने टेप. मामा म्हणाला, गिऱ्हाइकाच्या फ्रेमला चार मारताना हात दुखतो तुझा. दुसरा दिवस, राग नाही.

७, शुक्रवार, संध्याकाळ

फोटो काढले. मोबाइल कपाटावर ठेवून टायमर लावला आणि मुकादमला दोन्ही बगलांत हात घालून वर धरलं, जिंकलेला कप धरतात तसं. तिसऱ्या फोटोला त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला. निसटलाच होता, पण पकडला. माझा हात चपळ आहे. खाली ठेवल्यावर पलंगाखाली जाऊन बसला. काही झालं नाही.

दुसरा फोटो तिला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन! उचलला नाही, लगेच उचलला की किंमत राहत नाही. पुन्हा फोन. काळजावर दगड ठेवला. मग मेसेज: कसं उचलायचं ते लिहून दिलंय, वाचलंस ना?

उत्तर दिलं: अक्षर न् अक्षर पाठ आहे.

८, शनिवार, सकाळी ७:१०

काहीतरी झालंय.

मुकादम पलंगाखालून येतोय, पण अर्धाच. पुढचे पाय चालताहेत, मागचे नुसते मागून फरपटताहेत, ओल्या टॉवेलसारखे. मला वाटलं झोपेत असेल. हाक मारली. त्याने पुढचे पाय ताणले, अंग ओढलं, अडला आणि माझ्याकडे बघितलं.

७:४०

कारणं: फरशी गुळगुळीत आहे. आईने फिनेल लावलं. आईने काकडी दिली, ती बाधली असणार. मामाच्या पॉलिशचा वास माझ्या कपड्यांना असतो. हवा.

दुपार

पिशवीत टॉवेल घालून त्याला चौकातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. रांगेत सगळी कुत्री. मुकादमचं काळीज माझ्या तळहाताला लागत होतं, इतकं जोरात की मोजता येईना. डॉक्टर म्हणाला, मी कुत्री आणि गाईगुरं बघतो, सशाचं मला कळत नाही, अंदाजाने औषध देऊन मारू का त्याला? ज्यांचा ससा आहे त्यांना विचारा, त्यांचा कुणी तरी ठरलेला डॉक्टर असेल.

मी म्हटलं, मग बाहेर पाटीवर ससा कशाला रंगवलाय? तो म्हणाला, पेंटरला विचारा. मी टेबलावर हात आपटला. एक कुत्रा भुंकला, मग सगळेच भुंकले. मुकादमने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं.

बाहेर पडलो. तिला फोन केला नाही. ट्रेनिंगमध्ये व्यत्यय नको, दुसरं काही नाही.

९, रविवार, सकाळ

पायात ताकद यायला व्यायाम हवा. पुढे कोथिंबीर धरून सतरंजीवर चालवला. चार वेळा. पाचव्यांदा तो आडवा झाला आणि तसाच राहिला. कोथिंबिरीकडे बघेना.

कालपासून लेंड्या नाहीत. कान गार लागतात. मागची बाजू ओली झाली होती, पुसली. दातांचा बारीक करकर आवाज येतोय. दुकानात काचेवर कटर फिरवताना येतो तसा. तो ऐकवत नाही आणि थांबला की जास्त भीती वाटते. दर मिनिटाला नाकाकडे बघतो. हलतंय. हलतंय.

देवा, कुणी तरी मला सांगा काय करायचं.

१२:३०

आई म्हणाली, तिला फोन कर. मी म्हटलं, करतो. आई म्हणाली, कालपासून करतोयस. आणि तिने सगळं लिहून दिलं होतं ना? कुठे घातलास तो कागद?

भिंतीवर.

पकड सापडेना, स्क्रूड्रायव्हर घेतला. बारा खिळे. आयुष्यात इतकं पक्कं काम मी केलेलं नाही. सातव्या खिळ्याला काच फुटली, अंगठा कापला. कागदाची मागची बाजू:

‘उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पाय कधीही लोंबकळत ठेवू नका. झटका दिला तर त्याचाच कणा मोडू शकतो. बारा तास काही खाल्लं नाही तर वाट बघू नका, लगेच या बाईंकडे.’ खाली सशांच्या डॉक्टरबाईंचा नंबर. दोनदा अधोरेखित.

आईने वाचलं. माझा मोबाइल घेतला आणि नंबर लावला. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

५:००

डॉक्टरबाई लहानखुऱ्या, हात एकदम शांत. तिला ओळखतात. विचारलं, पडला? नाही. उचलताना झटका दिला? नाही. मग म्हणाल्या, मग एक जंतू असतो, त्यानेही पाय जातात. तसं असेल तर हिंडू-फिरू द्यायचं. कण्याला इजा असेल तर मात्र जागचं हलवायचंसुद्धा नाही. एक्स-रे उद्याच निघेल, म्हणून नीट आठवून सांगा.

आठवायला काही नव्हतं. कालपासून दुसरं काही डोळ्यांपुढे नव्हतंच. म्हटलं, माझ्या एका मित्राने उचललं होतं. बगलेत धरून.

बाईंनी माझ्या अंगठ्याच्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, त्या मित्राने नंतर पळवलं का याला? मी म्हटलं, चार वेळा. व्यायाम म्हणून.

तर मित्राला सांगा, आता याला बोटभरही हलवायचं नाही. मित्राला म्हणावं, दर तीन तासांनी सिरिंजने पातळ खाणं, चाटेल तेवढंच. मित्राला जमेल ना?

मी म्हटलं, तो रडतोय. डोळे पुसले.

१०, सोमवार

एक्स-रे. मणक्याला चीर आहे, सरकलेला नाही. बाईंनी मागच्या बोटांना चिमटा काढला. उजवा पाय, काही नाही. डावा, किंचित आखडला. किंचित म्हणजे मला दिसला का वाटला, सांगता येत नाही. म्हणाल्या, सहा आठवडे लहान खोक्यात. चालेल की नाही, आज सांगणार नाही. जगवायचं आधी बघू.

दुकानातल्या पट्ट्यांचं खोकं केलं, आत फोम. मामाने न विचारता फोम कापून दिला. सिरिंजचं खाणं आईच्या हातून घेतो, माझ्या हातून तोंड फिरवतो. लेंड्या: तीन. मी आईला ओरडून सांगितलं, तीन! शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

१४, शुक्रवार

ती आली. मी वाक्यं तयार ठेवली होती, मित्रापासून सुरू होणारी. ती सरळ खोक्यापाशी जमिनीवर बसली, चपला पायातच. बराच वेळ एक बोट त्याच्या कपाळावर ठेवून होती. मी म्हटलं, मीच केलं.

ती म्हणाली, माहितीये. फोटो तूच पाठवला होतास.

मग म्हणाली, दोनदा फोन केला होता मी. खाली ठेव त्याला, एवढंच सांगायचं होतं.

हलवायचं नाही म्हणून मुकादम आमच्याकडेच राहणार. जाताना तिने नवा कागद लिहिला, वर ‘काकू’. सगळं एकाच बाजूला लिहिलंय. शेवटची ओळ: ‘त्याला उचलू देऊ नका.’ यातला ‘त्याला’ ससा नाही.

मी तो खोक्याला चिकटवला. साध्या टेपने.

२७, गुरुवार

रोज संध्याकाळी दुकानातून सुटली की ती येते, आईशी बोलते, बसते, जाते. मी कोपऱ्यात. संकल्प वगैरे काही नाही.

आज सिरिंज धुवायला घेताना खोक्याला माझा धक्का लागला. आतून आवाज आला. ठप्प. वाकून बघितलं. मुकादम माझ्याकडे बघत होता, भयंकर रागाने, आणि त्याने पुन्हा आपटला. डावा. उजवा तसाच. पण डावा आपटला.

जिने तीन-तीन पायऱ्यांनी चढलो. दारात उभा राहून म्हटलं, तो माझ्यावर रागावलाय! ती माझ्या आधी खाली पोहोचली.

मी खोक्यासमोर वाकून दाखवत होतो, कुठला पाय, कसा. दोन आठवड्यांत आज ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

म्हणाली, सरक.

सरकलो.