मी मागे बसले होते

मी, सई गंधार मोघे, माहेरची सई बाळ धारप, वय ३३, सध्या राहणार आईच्या घरी, पोलादपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर येत्या गुरुवारचा आहे. त्या दिवशी मुंबईत माझ्या खुब्याच्या हाडातला पू काढण्यासाठी आणखी एक ऑपरेशन होणार आहे. डॉक्टरांनी आईला बाहेर पाठवले आणि मला म्हणाले, "टेबलावर काहीही होऊ शकतं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही." मी त्यांची आभारी आहे. अपघातानंतर माझ्याशी खरे बोललेली माणसे थोडी आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करावे लागेल असे वाटलेही नव्हते.

कलम १. माझे वकील श्री. आमोद खातू यांनी मागच्या आठवड्यात विचारले, "तुम्हाला मूल नाही, मृत्युपत्र नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर पहिला वारस कोण, माहीत आहे?"

"आई," मी म्हटले.

"नाही. नवरा. घटस्फोट झालेला नाही. माणगावच्या दाव्यात जी भरपाई मिळेल तीसुद्धा त्यांच्याकडे जाईल."

मला त्या दिवशी जेवण गेले नाही. म्हणून सर्वांत आधी हे लिहिते. माझे पती श्री. गंधार मोघे यांना माझ्या मालमत्तेतून, दागिन्यांतून, भविष्य निर्वाह निधीतून किंवा दाव्याच्या रकमेतून काहीही मिळू नये. मी त्यांना विसरलेले नाही, समजून-उमजून वगळले आहे. कारण पुढे सविस्तर देते, म्हणजे आजारपणात हिचे डोके फिरले होते असे कोणी म्हणू नये.

कलम २. २०२३ सालच्या फेब्रुवारीत वरंध येथे गंधारच्या एका सहकाऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गंधार सरकारी नोकरीत कनिष्ठ अभियंता आहे. जेवणे झाल्यावर तो मित्रांबरोबर मागच्या पडवीत जाऊन बसला, आणि उठला तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता. मी म्हटले, "आज इथेच राहू, नाहीतर कोणाच्या तरी गाडीतून जाऊ."

तो म्हणाला, "चारचौघांत तमाशा नको. बस मागे."

मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले. अंगावर आईची हिरवी साडी होती, त्यामुळे एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसले. उजेड अजून होता. बिरवाडीच्या अलीकडे एका वळणावर त्याने टेम्पोला मागे टाकायला गाडी उजवीकडे काढली. समोरून एमआयडीसीतले काम आटोपून एक मुलगा मोटारसायकलवर घरी चालला होता. तो त्याच्या बाजूने होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि मरताना तरी मी याबाबत खोटे लिहिणार नाही. गाड्या आपटल्या, आमची गाडी डावीकडे फेकली गेली आणि माझे पाय तिच्या आणि टेम्पोच्या मध्ये सापडले. टेम्पो थांबला नाही. त्याचा नंबर पुढे कोणालाच मिळाला नाही.

तो मुलगा म्हणजे दीपक भागोजी सकपाळ, राहणार वरंध. तो रस्त्यावरच गेला. गंधारला खरचटले.

मी शुद्धीवर आले तेव्हा माझा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, आणि गुन्हा माझ्या नावावर दाखल होता. गंधारने जबाब दिला होता की गाडी पत्नी चालवत होती, तिने हट्ट धरला म्हणून दिली. मला स्कूटी चालवता येते. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी रोज स्कूटीनेच जात असे, त्यामुळे परवाना माझ्याकडे आहे. गिअरची गाडी मी कधी हातात घेतलेली नाही. ते सिद्ध कसे करायचे? एखादी गोष्ट आपल्याला येत नाही याचा दाखला कुठे मिळतो?

मी त्याला दवाखान्यातच विचारले, "असं का सांगितलंस?"

तो खुर्ची ओढून अगदी जवळ बसला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुला कोण काय करणार आहे, सई? तू अशी पडलेली. माझी नोकरी गेली तर तुझं औषधपाणी कोण बघणार? एक वाक्य तर आहे."

"एक मुलगा मेलाय, गंधार."

"तो परत येणार आहे का?"

मी ते वाक्य मान्य करणार नाही, असे सांगितले. त्यानंतर तो दोनदा आला, मग आला नाही.

कलम ३. नुकसानभरपाईचा माझा दावा माणगाव येथे चालू आहे. विमा कंपनीचे म्हणणे असे, की चूक चालकाची, चालक तीच, मग तिला भरपाई कसली? पुढे मला व्हीलचेअरवरही बसवेनासे झाले, तेव्हा माझी साक्ष घ्यायला न्यायालयाने नेमलेले आयुक्त घरी आले. कंपनीच्या वकिलांनी पलंगाशेजारी बसून विचारले, "परवाना तुमचाच ना?"

"हो."

"फोटोत स्कूटी चालवताय त्या तुम्हीच?"

"मीच."

"मग गाडी चालवता येत नाही, हे खोटं ना?"

माझ्या पाठीखाली जखमा होत्या. कूस बदलायची म्हणून मी आईला हाक मारली, तर ते म्हणाले, साक्षीदाराने मध्ये कोणाशी बोलू नये. मी तशीच पडून उत्तरे दिली. आई दाराआड उभी राहून रडत होती, ते मला ऐकू येत होते.

माझा मृत्यू झाल्यास हा दावा माझी आई, श्रीमती अनुपमा बाळ धारप, हिने पुढे चालवावा. तिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. मध्यंतरी कंपनीने तडजोडीचा कागद पाठवला होता. त्यातही चालक म्हणून माझेच नाव होते. आई, असा कागद पुन्हा येईल. तू थकलेली असशील, खातू वकीलसुद्धा "घेऊन टाका" म्हणतील. सही करू नकोस. गाडी कोण चालवत होते, याचा निकाल न्यायाधीशांनी लिहायलाच हवा. हरलो तर हरलो, पण माझ्या सहीने हरायचे नाही. मला पैसे नको आहेत असे नाही. पैसे हवेतच, तुझ्या बांगड्या माझ्या दवाखान्यात गेल्या आहेत. पण मी माणूस मारलेला नाही, हे कुठेतरी शिक्क्यासह लिहिलेले असले पाहिजे. मी गेल्यावर ते सांगायला मी नसेन.

दवाखान्यात कापून काढलेली ती साडी आईच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. धुतलेली नाही आणि धुवू नये. ती नेसून एका बाजूलाच बसता येते, गिअरची गाडी चालवता येत नाही. वकिलांनी ती न्यायालयात दाखल करावी.

कलम ४. महाडचा फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर आहे. त्यातला माझा अर्धा हिस्सा आईला. तिने तो खुशाल विकावा. गंधारला नको असलेल्या माणसाला विकला तरी चालेल. भविष्य निर्वाह निधीही आईला. औषध कंपनीत माझ्या कपाटात माझा स्वतःचा पांढरा कोट आणि कामाचा सुरक्षा-चष्मा आहे, ते प्रयोगशाळेतल्या कोणत्याही नव्या मुलीला द्यावेत.

स्कूटी धाकट्या बहिणीला, वैदेहीला. वैदेही, आई तुला चालवू देणार नाही. तरी चालव.

मंगळसूत्र सासूबाईंना, श्रीमती जानकी मोघे यांना परत. त्या एकदा मुलाला न सांगता आल्या होत्या. माझे केस विंचरून दिले, वेणी घातली. जाताना म्हणाल्या, "मी घरात सगळं ऐकलंय गं. पण मला त्याच्याच घरी राहायचंय." मी त्यांच्यावर राग धरलेला नाही. पण सासूबाई, तुम्ही जे ऐकलेत ते न्यायालयात सांगितले असतेत, तर मला हे सगळे लिहावे लागले नसते.

कलम ५. दीपकच्या आईविषयी. श्रीमती बयाबाई भागोजी सकपाळ यांनीही दावा केला आहे, आणि त्यात मी सामनेवाली आहे. व्हीलचेअरवरून मला पहिल्यांदा माणगावला नेले तेव्हा व्हरांड्यात त्या माझ्यासमोर येऊन म्हणाल्या होत्या, "माझा पोर खाल्लास गो तू." त्यांना जे सांगितले गेले होते, त्याप्रमाणे त्या बरोबरच होत्या.

या रविवारी त्या एकट्याच एसटीने पोलादपूरला आल्या. आई त्यांना आत घेत नव्हती. मी घ्यायला लावले. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. चादर जिथे सपाट होते तिथे बराच वेळ पाहत होत्या.

"गाडी कोण चालवत होता? खरं सांग."

"माझा नवरा. मी मागे बसले होते."

"तो सांगतो तू."

"हो."

मग त्यांनी विचारले, "माझा दीपक काय बोलला काय? शेवटाला?"

हे मला आजवर कोणीही विचारलेले नाही. ना पोलिसांनी, ना वकिलांनी. मी सांगितले, "पाणी मागितलं. 'आई गो, पाणी' म्हणाला."

"दिलंस?"

"मला हलता येत नव्हतं. आमच्या पिशवीत बाटली होती. मी गंधारला म्हटलं, त्याला पाणी दे."

"मग?"

"तो फोनवर होता. त्याच्या काकांशी बोलत होता, आता काय करायचं म्हणून. मला त्याने हातानेच थांब म्हटलं."

बयाबाई खाली जमिनीवर बसल्या. आई चहा घेऊन आली, तो तसाच निवला. त्या म्हणाल्या, "सगळी म्हनत होती, जागच्या जागी गेला, त्याला काय कळलंच नाय. बरं झालं सांगितलंस, असं नाय म्हनत मी."

त्या उठल्या तेव्हा मी विचारले, "मी मृत्युपत्र करते आहे. मंगळवारी साक्षीला याल का?" त्या चपला घालून बाहेर पडल्या. गंधार या कागदाला नक्की आव्हान देईल. मी विकत घेतली असे जिच्याबद्दल कोणी म्हणू शकणार नाही, अशी ही एकच बाई मला माहीत आहे. त्यांच्यासाठी मी या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला त्यातून काही मिळता कामा नये. शिवाय त्यांचे जे देणे आहे ते खऱ्या चालकाकडूनच वसूल व्हावे. त्या न आल्यास शेजारच्या शकूताई सही करतील.

कलम ६. माझ्या देहाला वैदेहीने अग्नी द्यावा, पोलादपूरलाच. गंधार येईल, कारण लोक बघतात. त्याला अडवू नका, पण पुढे येऊ देऊ नका. त्याने माझ्या तोंडात पाणी घालू नये.

मला मरायचे नाही, हेही लिहून ठेवते. मला निकाल ऐकायचा आहे.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

स्थळ : पोलादपूर
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

(सही) सई गंधार मोघे

साक्षीदार १ : डॉ. प्रियदर्शिनी शेठ, पोलादपूर. मी मृत्युपत्रकर्तीस तपासले. ती पूर्ण शुद्धीत व सारासार विचार करण्यास समर्थ आहे. तिने माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २ : श्रीमती बयाबाई भागोजी सकपाळ, वरंध. मृत्युपत्रकर्तीने त्यांच्यासमोर सही केली. त्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने सर्व मजकूर मी, अॅड. आमोद खातू, याने त्यांना वाचून दाखवला. हे न्यायालयात वाचतील का, असे त्यांनी विचारले. वेळ आली तर वाचतील, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग सगळं वाचा. पान्याचं गाळू नका." त्यानंतर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला.