काढून टाकलेला नमुना

अण्णा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आज एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, हा नमुना जुळत नाही, काढून टाकू?" मी म्हणाले, "आधी त्या माणसाला फोन कर." मग घरी आले, चहासुद्धा न करता लिहायला बसले. तुम्हाला सांगायचं राहून गेलंय.

त्या दुष्काळात तुम्ही लासूर स्टेशनच्या बाजारात मेंढरं विकलीत आणि शहरात बायपासपलीकडं नव्या इमारतीवर वॉचमन झालात. टँकर आला की पाणी आधी बांधकामाला, उरलं तर तुम्हाला. तुमची लेक तेव्हा पीएच.डी. करत होती. डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे कण, त्यांच्यावर असा लेप की लघवीतलं एकच प्रथिन त्यांना चिकटावं. मग चुंबकानं ते कण बाजूला ओढायचे. मूत्रपिंड बिघडायला लागलं की हे प्रथिन लघवीत वाढतं. तुलनेला धडधाकट माणसांचे नमुने हवे होते, म्हणून मी डबी घेऊन तुमच्याकडं आले. पत्र्याच्या खोलीत तुम्ही भाकरी थापताय, माझं सगळं ऐकून घेताय.

"मिसळलेल्या कळपातून आपली मेंढरं हुडकावी, तसंच व्हय?"

"तसंच, अण्णा."

"मंग दे ती डबी. त्यात लाजायचं काय?"

तुमच्या नमुन्यात ते प्रथिन भरपूर निघालं. पुन्हा केलं, तेवढंच. माझे मार्गदर्शक सर कागद बघून म्हणाले, "लेप नीट बसला नसेल, नको ते चिकटलंय. हा नमुना काढून टाक." मी तक्त्यातली ओळ खोडली. रविवारी तुम्ही विचारलंत, "निघालं का काही?" मी म्हणाले, "सगळं चांगलं आहे." त्यावर तुम्ही लई खूश.

दोन उन्हाळ्यांनी तुमचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. खाटेवरून तुम्हीच मला समजावत होतात, "त्या साली पाणीच कमी पेलो गं, त्याचंच झालं आसंल." मी नुसती मान हलवली.

हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून लिहिता येतंय. सरांवर ढकलणं सोपं आहे. पण त्याच लेपानं बाकीचे सगळे नमुने बरोबर आले होते, आणि ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. प्रबंध द्यायला महिना उरला होता. मला पुन्हा पहिल्यापासून बघायचा कंटाळा आला होता, अण्णा.